तळाच्या भिंतीचं ड्रॉइंग

ज्या माणसाला मी बहारीनमधून घालवलं, तो जपानी होता आणि ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. ‘घालवलं’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. बायको तोच वापरते, आणि इतकी वर्षं तिच्याशी वाद घालूनही मला दुसरा शब्द सापडलेला नाही.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. मी नाशिकहून आयटीआय करून आखातात गेलेला ड्राफ्ट्समन. एका बांधकाम कंपनीत ट्रेसिंग पेपरवर शाईने रेघा मारायचो. राहायला जुफेरमध्ये, एका जुन्या दोन मजली इमारतीच्या तळमजल्यावर. बायको, मी आणि सात वर्षांची मुलगी. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलं की पलीकडे अमेरिकन आरमाराचा तळ दिसायचा. तारेचं कुंपण, गोदामांची छपरं, त्यामागे राखाडी बोटी. त्या वर्षांत तळ वाढत होता. रस्त्यावर चार-चारच्या घोळक्याने खलाशी दिसायचे, त्यांच्यासाठी नवी खाण्याची दुकानं उघडत होती. शेजारच्या बायका कुरकुर करायच्या. मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मी देवळाली कॅम्पच्या कडेला वाढलेला. तोफांच्या सरावाने आमच्या घरातली भांडी हलायची आणि आम्ही झोपून राहायचो.

जपानी माणूस पन्नाशीचा होता. समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या एका प्लांटसाठी कंपनीने त्याला आणलं होतं, पण आमची सगळी ड्रॉइंग्जही तपासणीला त्याच्याकडेच जायची. तो लाल पेन्सिल घेऊन बसायचा. एक शब्द न बोलता कागद परत सरकवायचा, त्यावर आठ ठिकाणी लाल गोल. ट्रेसिंगवरची शाई ब्लेडने खरवडून काढताना कागद फाटला की पुन्हा पहिल्यापासून. मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालायचो, आणि कधी कधी मराठीत मोठ्यानेही. त्याला कळत नव्हतं, एवढंच सुख.

तरीही पहिल्याच वर्षी मी त्याला घरी बोलावलं होतं. बुद्धपौर्णिमा होती. आमची महाराष्ट्रातली दहा-बारा कुटुंबं त्या दिवशी आमच्याकडे जमायची. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आमच्या ऑफिसातला जपानी बौद्ध येणार आहे, वंदना त्याच्या तोंडून ऐकू. तो आला, टाय लावून, हातात फळांची टोपली. मांडी घालून नीट बसला. त्रिशरण म्हणायची वेळ आली तेव्हा सगळे त्याच्याकडे बघायला लागले, आणि तो माझ्याकडे.

“मला हे येत नाही,” तो इंग्रजीत म्हणाला. “आमच्या बेटावर आम्ही पूर्वजांना पूजतो. देवळात फारसं कोणी जात नाही.”

मागून कोणीतरी हसलं. एक जण मला म्हणाला, “काय हो, चांगला बौद्ध शोधलात.” मी त्या जपान्याला त्या क्षणापासून माफ केलं नाही. बायकोने मात्र त्याला दोनदा खीर वाढली. त्याने वाटी पुसून खाल्ली आणि जाताना तिला कमरेत वाकून नमस्कार केला. ती ते बरेच दिवस सांगत राहिली.

पुढच्या वर्षी कंपनीला तळाचं काम मिळालं. मागच्या बाजूची भिंत पुढे सरकवायची आणि आत दोन गोदामं बांधायची. काम मोठं, शिवाय पुढेही मिळत राहणारं. व्हिसा वाढवून मिळणार की नाही या काळजीत असलेली आम्ही सगळी माणसं खूष झालो. भिंतीची ड्रॉइंग्ज माझ्याकडे आली. मी जीव ओतून काढली. त्याने नेहमीसारखी पट्टी लावून एकेक माप पाहिलं. शेवटी कोपऱ्यातलं कामाचं नाव वाचलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

“मी यावर सही करणार नाही.”

“चूक कुठे आहे?”

“चूक नाही. ड्रॉइंग चांगलं आहे.”

दीड वर्षात त्याने माझ्या कामाला चांगलं म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

मी विचारलं, मग अडचण काय. त्याचं इंग्रजी तुटक होतं, माझंही. पण त्या दिवशी आम्हाला एकमेकांचा प्रत्येक शब्द कळला. तो ओकिनावाचा होता. जपानच्या पार दक्षिणेचं बेट. लढाई संपल्यावर अमेरिकनांनी त्याच्या गावची निम्मी जमीन कुंपण घालून घेतली आणि पन्नास वर्षं होत आली तरी ते तिथेच होते. त्याच्या घराण्याचं थडगं कुंपणाच्या आत गेलं होतं. “वर्षातून एकदा अर्ज करायचा,” तो म्हणाला. “मग फाटक उघडतात. थडग्यावरचं गवत काढायचं, धूप लावायचा आणि अंधार पडायच्या आत बाहेर यायचं. माझी आई तिथे आहे.”

खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण ऑफिसातली सगळी माणसं माना वर करून ऐकत होती आणि मला खिरीच्या दिवशीचं ते हसू आठवलं.

“माझा आजा देवळालीच्या कॅम्पात गोऱ्या साहेबाकडे बटलर होता,” मी म्हणालो. “गावात त्याची सावली पडली तर लोक पाणी ओतून देत. आणि साहेब त्याच्या हातचं जेवायचा. त्या परक्या फौजेमुळे आमच्या घरात पहिली चप्पल आली, पहिली पाटी आली. तुमच्यासारख्यांना कुंपण दिसतं. आम्हाला फाटक दिसलं होतं.”

“माझ्या वडिलांनाही त्यांनी नोकरी दिली,” तो म्हणाला. “गवत कापायची. आमच्याच रताळ्याच्या शेतात.”

“मग पगार घेतला ना? मग तक्रार कशाची?”

हे मी बोललो. त्याचे कान लाल झाले. तो उभा राहिला आणि मला वाटलं आता हा हात उचलतो. पण तो हळू आवाजात बोलायला लागला, आणि मला ते मारण्यापेक्षा वाईट वाटलं. म्हणाला, गावात याच वाक्यावरून घरं फुटली आहेत. निम्मं गाव तळावर जगतं, दुकानं, टॅक्सी, जमिनीचं भाडं. निम्मं गाव फाटकासमोर रस्त्यावर बसतं. त्याचा सख्खा भाऊ तळावर ट्रक चालवतो. दोघं भाऊ आईच्या थडग्यावर वेगवेगळ्या वेळी जातात, समोरासमोर यायला नको म्हणून. “तू बोललास ते भाऊ रोज बोलतो,” तो म्हणाला. “पण त्याला बोलायचा हक्क आहे. तुला नाही.”

त्या दिवसापासून आम्ही बोलणं सोडलं. टेबलाला टेबल लागून असूनही तो पट्टी मागायला दुसऱ्या टोकाच्या माणसाकडे जायचा. मी त्याच्या बाजूचा पंखा माझ्याकडे वळवून ठेवायचो. ड्रॉइंग्ज त्याच्या ट्रेमध्ये पडून राहिली.

त्याच पंधरवड्यात एका शुक्रवारी घरमालक आला. म्हातारा बहारीनी, एरवी मुलीच्या गालाला हात लावून चौकशी करणारा. त्या दिवशी दारातच उभा राहिला. महिन्याभरात घर रिकामं करा, म्हणाला. मी म्हटलं, आम्ही सहा वर्षं आहोत इथे, कधी भाडं थकवलं नाही.

“रफीक, मफी फायदा,” तो म्हणाला, म्हणजे दोस्ता, बोलून उपयोग नाही. “सगळी इमारत अमेरिकनांना देतोय. ते मागतील तसं बनवून देणार. खलास.”

“आणि आम्ही कुठे जायचं?”

“इंशाल्ला, मिळेल कुठेतरी.” बायकोने दार धाडकन लावलं. म्हाताऱ्याचा हात थोडक्यात वाचला.

मला घरमालकाचा राग यायला हवा होता, नाहीतर तळाचा. पण मी घरभर तणतणत होतो तो जपान्याच्या नावाने. त्याचं म्हणणं माझ्याच उंबऱ्यावर येऊन खरं ठरत होतं, आणि त्याच्याकडून शिकून घ्यायची माझी तयारी नव्हती. आम्हाला घर शोधत फिरावं लागणार आणि तो जनाबियात कंपनीच्या बंगल्यात झाडांना पाणी घालत बसणार, हेच डोक्यात घुमत राहिलं.

सोमवारी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. मॅनेजर इंग्रज होता. “भिंतीचे कागद दोन आठवडे कुठे अडलेत?”

तो सही करत नाही, एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. ते खरं होतं. मी सांगितलंही. पण तिथे थांबलो नाही.

“साहेब, तो ऑफिसात तळाविरुद्ध बोलतो. इथल्या लोकांशीही बोलतो.”

“इथल्या म्हणजे कोणाशी?”

“गेटवरच्या वॉचमनशी.”

आमचा वॉचमन जवळच्या एका गावातला वयस्कर बहारीनी होता. त्याची खजुराची चार-पाच झाडं होती, आणि जपानी माणूस दुपारी त्याच्या शेजारी बाकड्यावर बसून त्या झाडांबद्दल विचारायचा. फुटवे कसे लावतात, पाणी किती लागतं. मी दोनदा जवळून गेलो होतो, ऐकलं होतं. त्यांच्यात झाडांपलीकडे बोलण्याइतकी भाषाच नव्हती. पण त्या वर्षांत सरकारविरुद्ध गावागावांत टायर जळत होते, पोलीस पोरं उचलून नेत होते, आणि कोण कोणाशी काय बोलतो याला वजन आलं होतं. ते वजन मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच मी ते वाक्य बोललो.

मॅनेजर म्हणाला, “हे लिहून देशील?”

मी चार ओळी लिहून दिल्या. इंग्रजी त्यानेच दोन ठिकाणी सुधारलं.

आठवड्याच्या आत जपान्याला परत जायला सांगितलं. कारण म्हणून प्लांटचं काम संपत आलंय असं काहीतरी दिलं. शेवटच्या दिवशी तो आपल्या पट्ट्या आणि कंपास एका कापडात गुंडाळत होता. मी खाली मान घालून रेघा मारत होतो.

“तू लिहून दिलंस,” तो म्हणाला. मॅनेजरने त्याला कागद दाखवला असणार.

“मला बायको-पोर आहे.”

“माझ्या भावालाही आहे. पण त्याने माझं नाव कधी कोणाला लिहून दिलं नाही.”

मी वर पाहिलं नाही. तो गेल्यावर पाहिलं तर वॉचमनच्या बाकड्यावर दुसराच माणूस बसला होता. चहा देणाऱ्याने सांगितलं, म्हाताऱ्याला काल काढलं. मी त्याबद्दल काही विचारलं नाही. त्याच दुपारी ‘तपासणारा’ या चौकटीत मी स्वतःची सही ठोकली. मला तसा अधिकार दिल्याचं मॅनेजरने तोंडी सांगितलं होतं.

आणखी एक गोष्टही त्यानेच दिली. जनाबियाच्या बंगल्याचं भाडं कंपनीने आधीच भरलेलं होतं. दुसरं घर मिळेपर्यंत तुम्ही तिथे राहा, म्हणाला. मी चावी घेऊन घरी गेलो तेव्हा बायको आनंदाने रडली. संध्याकाळी आम्ही तिघं बघायला गेलो. मुलगी अंगणात पळत सुटली. बायको स्वयंपाकघरात गेली आणि मला हाक मारली.

“अहो, डब्यात तांदूळ तसेच आहेत. वर मिठाची पुडी. माणूस एवढ्या घाईने गेला कसा?”

मी म्हणालो, काम संपलं. सोळा वर्षांचा संसार झाला की बाईला नवऱ्याच्या आवाजातलं खोटं ऐकू येतं. तिने एक-दोन प्रश्न विचारले आणि मी सगळं सांगून टाकलं. वॉचमनचंही. मला वाटलं होतं, सांगितल्यावर ती म्हणेल, जाऊ द्या, पोटासाठी करावं लागतं.

तिने डब्याचं झाकण लावलं. “आपल्या लोकांबद्दल गावात असंच व्हायचं ना? पाटलाच्या कानाला लागायचं कोणीतरी. अमका जास्त बोलतो, अमक्याला आवर घाला. माझ्या आजोबाचं घर त्यातच गेलं. तुम्ही तेच केलंत.”

“मग काय रस्त्यावर राहायचं?”

“राहू. पण या चुलीवर मी भात शिजवणार नाही.”

आम्ही त्या घरात एक रात्रही राहिलो नाही. मुहर्रकला बुसैतीनमध्ये दोन खोल्या मिळाल्या. विमानं डोक्यावरून जायची, पाण्याला मचूळ वास. बायको माझ्याशी कितीतरी महिने थेट बोलली नाही. जेवायला वाढून मुलीला सांगायची, आणि मुलगी दारात येऊन इंग्रजीत ओरडायची, “पप्पा, आई सेज कम अँड ईट.” आमच्याकडच्या बुद्धपौर्णिमेला तिने त्या वर्षी खीर केली नाही. आलेल्या बायकांनी विचारलं तर म्हणाली, “यांना विचारा.” कोणी विचारलं नाही, पण सगळ्यांना कळलं होतं. त्यानंतर लोक दुसऱ्यांच्या घरी जमायला लागले.

भिंत उभी राहिली. मी साइटवर जाऊन मापं घेतली, एक इंचही चुकली नव्हती. कंपनीला पुढचं काम काही मिळालं नाही, ते दुसरीकडे गेलं.

दशक संपता संपता आम्ही कायमचं परतायचं ठरवलं. सामान बांधायला घेतलं त्या आठवड्यात मी जपान्याला पत्र लिहिलं. कंपनीच्या जुन्या फायलीत त्याच्या गावचा पत्ता होता. माफी मागितली, पण जशी माझ्यासारखी माणसं मागतात तशी. दिवस वाईट होते, घर जात होतं, तुम्हीही मला लागेल असं बोलला होतात. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. निघायच्या दहा दिवस आधी आलं. तीन ओळी होत्या.

“पत्र मिळालं. वॉचमनला भेटलास का? भेटला नसशील तर मला पुन्हा लिहू नकोस.”

मी ते बायकोला दाखवलं. तिने वाचून परत दिलं. “उद्या गुरुवार आहे, शुक्रवारच्या सुट्टीआधीचा. अर्ध्या दिवसाने सुटाल.”

चहा देणाऱ्याकडून गावाचं नाव घेऊन मी टॅक्सीने गेलो. गल्लीत विचारत विचारत घर सापडलं. तिशीतला एक माणूस दारात आला. वॉचमनचा मुलगा. मी म्हणालो, तुमच्या वडिलांबरोबर काम करायचो. त्याने आत घेतलं. म्हातारा गालिचावर बसला होता, एका डोळ्यावर फूल पडलेलं. मला ओळखून त्याने दोन्ही हात पुढे केले. चहा आणायला सांगितला. जपानी सदीक, म्हणजे दोस्त, कसा आहे, विचारलं. मी म्हणालो, बरा आहे. त्याला माहीतच नव्हतं कोणी लिहिलं ते.

तसाच चहा पिऊन उठता आलं असतं. मला तो मोह झाला नाही असं म्हणणार नाही. पेला अर्धा झाला होता. मग मी मुलाला इंग्रजीत सांगितलं, तुझ्या वडिलांची नोकरी माझ्यामुळे गेली, मी खोटं लिहून दिलं होतं.

“नोकरी?” मुलगा म्हणाला. “त्या कागदानंतर पोलिसांनी त्यांना सात वेळा चौकशीला बोलावलं. माझ्या भावाला घेऊन गेले, तो चौदा महिन्यांनी आला. तुला वाटलं नोकरी गेली?”

मुलाने वडिलांना अरबीत सांगितलं. म्हाताऱ्याने दोनदा काहीतरी विचारलं, बहुतेक नीट ऐकलं ना याची खात्री करायला. मग माझ्या हातातला पेला काढून घेतला. जोराने नाही, जसा लहान मुलाच्या हातातून घेतात तसा, आणि बाजूला ठेवला. दाराकडे बोट करून म्हणाला, “यल्ला.”

मुलगा मला रस्त्यापर्यंत सोडायला आला ते मी नीट जातो की नाही हे बघायला. टॅक्सीचं दार लावताना त्याने काचेवर हात ठेवला. “तू आता तुझ्या देशात जाशील. तुझ्या शेजारी कोणाचा तळ असेल तर त्यांना सांग, कागद लिहिणारा हवा असेल तर तू आहेस.”

घरी आल्यावर बायकोने विचारलं नाही. मीच सांगितलं, शेवटच्या वाक्यापर्यंत. तिने ट्रंकेची कडी लावता लावता ऐकलं आणि म्हणाली, “बरं झालं गेलात.”

ओकिनावाला मी नंतर लिहिलं नाही. वॉचमनला भेटलो हे कळवावं असं मनात आलं होतं, पण ते पुन्हा स्वतःसाठीच झालं असतं. तळांच्या बाबतीत त्या जपान्याचं म्हणणं मला आजही सगळं पटत नाही. माझ्या आज्याच्या पायात चप्पल कोणी घातली हे मी विसरू शकत नाही, आणि नाशिकला आल्यावर या विषयावर माझी भांडणं झाली आहेत. पण भांडताना आता एक होतं. समोरचा माणूस जोरात बोलायला लागला की बायको स्वयंपाकघरातून बाहेर येते, पदराला हात पुसत माझ्याकडे बघते, आणि मी गप्प होतो.